फ्रिजला वाचा फुटली

वजन कमी करायला व्यायाम लागत नाही, उपास लागत नाही. लागतो फक्त निश्चय! आणि निश्चय करण्यात माझा हात धरणारा अजून जन्माला यायचाय. अडचण एवढीच, की माझा निश्चय उघड्यावर ठेवलेल्या दुधासारखा आहे. सकाळी ताजा असतो, दुपारपर्यंत नासतो.

पण हे वजन माझं नव्हेच, ते कंपनीचं आहे! मी तक्रार विभागात काम करतो. लोक फोनवर ओरडतात आणि मी म्हणतो, "आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत." वर्षापूर्वी कंपनीनं आमच्या विभागातली अर्धी माणसं कमी केली आणि त्यांच्या वाट्याच्या शिव्या आम्हा उरलेल्यांना वाटून दिल्या. मी घरून काम करतो, फ्रिज हाकेच्या अंतरावर. एक शिवी खाल्ली की तिच्यावर उतारा म्हणून मी आणखी काहीतरी खायचो. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, "वजन आणि रक्तदाब खाली आणा, नाहीतर मी गोळ्या वर नेतो."

म्हणून मी व्यायामाची सायकल आणली. तिच्यावर हल्ली टॉवेल छान वाळतात. बायको म्हणाली, "अहो, आता आणखी काही आणलंत ना, तर त्याच्यासकट तुम्हाला बाहेर ठेवीन!"

त्यामुळे ती बोलकी डबी मी चोरून आणली. साबणाच्या वडीएवढी वस्तू. आपला आवाज तिच्यात भरायचा, डबी फ्रिजमध्ये चिकटवायची. दार उघडलं, आतला दिवा लागला, की उजेड पडताच डबी बोलते! हात बरणीकडे जायच्या आत मन ताळ्यावर. दिवसभर दुसऱ्यांची माफी मागणारा मी, कुणावर तरी ओरडायला तळमळतच होतो. बायको कामावर गेल्या गेल्या मी न्हाणीघरात शिरलो, कडी लावली आणि वर्षभराचं साठलेलं स्वतःवरच ओतलं. फक्त नोकरीची सवय जाता जाईना. शिव्या देतानाही जिभेवरचं 'अहो-जाहो' काही सुटलं नाही!

"या! आलात पुन्हा? सकाळपासून तोंड थांबलंय का? लाज नाही वाटत? पोट आहे की गोदाम? दार लावा आणि चालू लागा!"

ऐकून मीच दचकलो. डबी फ्रिजमध्ये सॉसच्या बाटलीमागे लपवली आणि हेडफोन चढवून कामाला बसलो.

आता घरात सासूबाई होत्या, हे मी विसरलो नव्हतो. पण मी चोरून खातो हे जावयानं सासूला कोणत्या तोंडानं सांगायचं? बायकोची प्रयोगशाळेतली नोकरी नुकतीच पुन्हा सुरू झाली होती, आमची जुळी अजून रांगत होती. सासूबाई महिनाभर राहायला आल्या म्हणून सगळं चाललं होतं. पण बाई महा मानी! बायकोनं मला बजावलंच होतं, "आईला लागेल असा एक शब्द बोलू नका. ती गेली, की माझी नोकरी गेली!"

पुढचं मला नंतर कळलं. नातवंडांचं दूध काढायला सासूबाईंनी फ्रिज उघडला. आतून जावयाचा आवाज आला, "या! आलात पुन्हा?" त्या बिचाऱ्या जागच्या जागी थिजल्या. मी कुठे दिसेना. पलीकडच्या खोलीत पाठमोरा बसलेलो. दूध परत ठेवायला त्यांनी पुन्हा दार उघडलं, पुन्हा गोदाम निघालं! त्यांनी हिशेब जुळवला, की जावयानं स्वयंपाकघरात कॅमेरा बसवलाय आणि तो खोलीत बसून आपले घास मोजतोय.

दुपारी जेवताना बघतो तर सासूबाईंच्या ताटात चिमणीला पुरेल एवढा भात. मला भरून आलं. घरात कुणीतरी समविचारी भेटलं!

"वा! कमी खाल्लेलंच बरं," मी म्हणालो. "माणसाला स्वतःची लाज वाटायला हवी. तरच फरक पडतो!"

"वाटतेय हो, जावईबापू," त्या ताटाकडे बघत म्हणाल्या. "चांगलीच वाटतेय."

दुपारभर मी फ्रिजकडे फिरकलोसुद्धा नाही. दोनदा दारापर्यंत गेलो, पण आत कोण बसलंय ते आठवून परतलो. उपाय लागू पडला होता! मुलांच्या बिस्किटांचा डबा तेवढा संपला, पण तो काही बोलत नव्हता, त्याला मी काय करू?

संध्याकाळी बायको घरी आली आणि तिच्या मागोमाग मेहुणा. हा अग्निशमन दलात आहे. आईचा फोन आला म्हणून ड्यूटी संपताच तसाच आलेला, गणवेश, बूट, शिरस्त्राण सगळ्यासकट! त्याला जिन्यात बघून शेजारचे निवृत्त मास्तर पाण्यानं भरलेली बादली घेऊन आत घुसले.

"कुठे लागलीय?" मास्तरांनी विचारलं.

"आईच्या मनाला लागलीय!" मेहुणा गरजला. "भावोजी, माझ्या आईचे घास मोजता? तिला चालू लागा म्हणता?"

सासूबाई बॅग भरून दारात उभ्या. बायको माझ्याकडे बघत राहिली. ती चिडली असती तर परवडलं असतं, पण तिचे डोळे भरले होते. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.

"अहो, ते मी मलाच म्हणालो होतो!"

"स्वतःला 'या, आलात' म्हणता?"

"नोकरीची सवय! पटत नसेल तर फ्रिजला विचारा!"

मी झोकात दार उघडलं. शांतता. लावलं, उघडलं. सॉसची बाटली बाजूला केली. आत डोकं घालून म्हणालो, "बोल ना! सकाळी तर तोंड थांबत नव्हतं!" फ्रिज गप्प. दिवसभराच्या गारठ्यानं डबीतल्या बॅटरीनं मान टाकली होती.

"ताण फार झाला, की होतं असं," मास्तर बायकोला हळूच म्हणाले.

डबी उपटून मी काखेत धरली, ऊब तरी मिळेल! सासूबाईंनी जुळ्यांचे पापे घेतले, दोघांनी एकदम भोकाड पसरलं. सासूबाईंनी चपला घातल्या. आता थांबणं शक्य नव्हतं. मी धावलो आणि दोन्ही हात पसरून दार अडवलं! काखेतली डबी पडली, तिच्यावर उजेड पडला आणि ती जमिनीवरून रेड्यासारखी रेकली,

"याऽऽ! आऽलात पुऽन्हा? पोऽट आहे की गोऽदाम?"

मास्तरांच्या हातची बादली मेहुण्याच्या बुटांवर रिकामी झाली. सासूबाईंनी डबीकडे पाहिलं, मग माझ्या पोटाकडे पाहिलं.

"म्हणजे हे गोदाम तुमचं?"

"माझंच," मी मान खाली घालून म्हणालो. "पूर्ण भरलेलं."

आधी त्याच हसल्या. मग बायको हसली, रडता रडता. मेहुणा बूट काढून पाणी ओतत हसला. माझा जीव भांड्यात पडला! सासूबाईंची बॅग पुन्हा आत गेली.

त्या मात्र डबी हातात घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, "जावईबापू, दिवसभर लोक तुम्हाला बोलतात. घरात तुम्ही स्वतःलाच बोलणार? अशानं कुणी बारीक होतं का हो? थांबा, मीच भरते माझ्या आवाजात."

मी त्यांना बटण दाखवलं आणि न्हाणीघराचं दार उघडून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका गिऱ्हाइकानं माझे सगळे पूर्वज काढले. मी हेडफोन काढून फ्रिजपाशी गेलो आणि दार उघडलं.

"थकलात ना, जावईबापू?" डबी मायेनं म्हणाली. "वरच्या कप्प्यात केक केलाय तुमच्यासाठी. लाजायचं नाही, आपलंच घर आहे. आणि दोन तुकडे घ्या, एकानं काय होतंय?"

सासूबाईंचा शब्द मोडायचा कसा? मी तो दिवसातून जमेल तितक्यांदा पाळतो.

परवा डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी रक्तदाब तपासला आणि खूश झाले. "उतरलाय की! काय केलंत?"

"काही नाही, घरात हल्ली कुणीतरी गोड बोलतं," मी म्हणालो.

मग त्यांनी मला वजनकाट्यावर उभं केलं. काटा बघून त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. आणि माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत!"