बिनमालक मंडळाचे दसरथभाऊ

दसरथभाऊ खुर्चीवर बसत नसत. न्हाव्याकडेसुद्धा ते जमिनीवर उकिडवे बसूनच दाढी करून घेत. वर त्याला ऐकवत, "खुर्चीवर बसला का मानूस मालक होते, बाबा. मंग त्याले खालचे दिसत नाही." वाकून वाकून न्हाव्याची कंबर मोडे, ती मात्र भाऊंना कधी दिसली नाही.

देश स्वतंत्र होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. मी फुलचूरच्या शाळेत नवा मास्तर होतो आणि भाऊ माझे शेजारी. मांडीवर सूप घेऊन ते बिड्या वळत आणि वळता वळता जगातल्या यच्चयावत मालकांचा उद्धार करत. शेठ, पाटील, सरकार, आमचे हेडमास्तर, कोणी सुटत नसे. "इंग्रज गेला. बाकीचे कधी जातेत?" हा त्यांचा रोजचा सवाल.

या सगळ्याचं मूळ होतं छाट. बिड्या कारखान्यात द्यायला गेलं की तपासणारा मुनीम बिड्यांचे काही कट्टे, म्हणजे जुड्या, "खराब" म्हणून बाजूला फेकी. हीच छाट. तिची मजुरी नाही, आणि कट्टेही परत नाहीत. ते शेठच्याच पोत्यात जात आणि चांगल्या बिड्यांबरोबर खपत. "खराब हाये तं मोडून टाक, चांगली हाये तं मजुरी दे," भाऊ म्हणत. "खराब म्हनून घेते अन् मंग विकते काऊन?"

म्हणून भाऊंनी मंडळ काढलं. मागणी एकच, छाट आमच्या डोळ्यांदेखत मोडा. मंडळाला अध्यक्ष नाही, चिटणीस नाही. कोणी कोणाला हुकूम द्यायचा नाही आणि एकाचंही मन नसेल तर ठराव नाही. पत्रक लिहिताना मी खाली भाऊंचं नाव घातलं, तर ते भडकले. "मी का पुढारी आहो?" शेवटी पासष्ट जणांचे अंगठे उमटवले. पत्रकात मजकूर थोडा आणि शाईच फार झाली.

मंडळ आमच्या घरामागच्या चिंचेखाली दर मंगळवारी बसे. बसायची वेळ ठरवण्यातच तीन मंगळवार गेले, कारण मंडळातल्याच जैतुराबाईचं मन होत नव्हतं. अखेर सगळ्यांचं मन झालं आणि बिडी वळणं बंद पडलं. आठव्या दिवशी शेठचा निरोप आला, "भैया, दो आदमी भेजो, बात करेंगे."

आता आली का पंचाईत! दोघं बोलणार म्हणजे दोघं मोठे झाले. तेव्हा सगळेच गेले, तान्ही पोरं काखेत घेऊन. शेठच्या गादीवर, ओसरीवर, जिन्यात बसले आणि प्रत्येकानं तीच गोष्ट आपापल्या तोंडानं सांगितली. जैतुराबाईनं तर आपल्या लग्नापासून सुरुवात केली. चाळिसाव्या माणसाला शेठनं हात जोडले. "मंजूर है भाई, सब मंजूर है."

"थांबा ना शेठ," भाऊ म्हणाले. "पंचवीस जनं अजून बाकी हायेत. त्यायनं कायले गप बसावं?"

शेठनं तेही ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून मुनीम छाट समोर मोडू लागला, आणि मोडायचीच म्हटल्यावर ती निघेनाशीही झाली. लोक हार घेऊन आले, तर भाऊ मागच्या दारानं पसार.

काम झालं तसं लोकांचं येणं सुटलं. त्यात धानाची रोवणी लागली. एका मंगळवारी संध्याकाळी पाहिलं, तर चिंचेखाली ताडपत्री झाडून अंथरलेली, घडा भरलेला, आणि भाऊ एकटेच. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. हे मला ठाऊक होतं, पण माझ्या ध्यानात आलं ते त्या दिवशी.

"भाऊ, एक हाक मारा, सगळे येतील," मी म्हणालो.

"हाक मारनारा मी कोन? हाक मारली का हुकूम झाला, मास्तर."

मी निघायला वळलो.

"बसा म्हनाचा अधिकार नाही मले," भाऊ ताडपत्रीची सुरकुती हातानं सारखी करत म्हणाले. "पन तुमी बसले तं बरं वाटते."

मी बसलो.