धाब्यावरचा गुणाकार

गुणाकार न येणारं मूल जगात नसतंच, फक्त शिकवणारा झोपाळू असतो! हे वाक्य माझं. गावात ते सगळ्यांनी ऐकलेलं आहे, कारण मी ते सगळ्यांना ऐकवलेलं आहे.

मी सुलक्षणा. माहेर धुळं, सासर यावलच्या पुढे केळीच्या बागांमधलं एक गाव. दुपारी गल्लीतली चौथीची अकरा पोरं माझ्याकडे गणिताला येतात. वर्ग भरतो ओट्याच्या सावलीत. सावली सरकली की वर्ग सरकतो, आणि चार वाजेपर्यंत आम्ही सगळे शेजारच्यांच्या म्हशीपाशी पोचलेलो असतो. म्हैस पाढे ऐकते, पण मध्येच शेपटी मारते. म्हणून मला समोरची बंद खोली हवी होती. त्या खोलीत सासूबाईंचे, म्हणजे मंजुळाअक्कांचे, डबे आणि सुपं राहतात. किल्ली अक्कांच्या कमरेला.

मार्चातल्या एका सकाळी आमच्याकडे ज्वारीचे पापड, म्हणजे बिबडे झाले. गल्लीतल्या बायका पहाटेच जमल्या, ज्वारीचा चीक शिजला, त्यात तीळ-लसूण पडला, आणि ओल्या हातांनी थापलेले बिबडे धाब्यावर, घराच्या मातीच्या गच्चीवर, पांढऱ्या लुगड्यावर वाळत पडले. हे सगळे पुनमसाठी, म्हणजे माझ्या नणंदेसाठी. तिच्या सासरी दरवर्षी आमच्या बिबड्यांची वाट बघतात. अक्कांना मात्र त्याच दिवशी चष्म्यासाठी यावलला जायचं होतं. आता चिमण्या-कावळ्यांपासून राखण कोण करणार?

"मी आणि माझा वर्ग," मी म्हणाले.

अक्कांनी मला नीट न्याहाळलं. मग म्हणाल्या, "संध्याकाळलोंग बिबडा जसाना तसा ऱ्हायनात, ते खोली तुन्ही."

अशी संधी पुन्हा येते का? वर चढले आणि माझं भानच हरपलं. निळसर सातपुडा, खाली केळीच्या पानांचा हिरवा समुद्र, आणि समोर लुगड्यावर पांढरे चंद्र. अक्कांच्या हाताला वळणच असं की अठरा-अठराच्या बारा ओळी सरळ पडलेल्या. मला तर साक्षात गुणाकारच ऊन खात पडलेला दिसला! फळा नको, खडू नको. पोरांना वर बोलावलं आणि धाब्याच्या मातीत काडीने गणित लिहिलं, अठरा गुणिले बारा.

माझी सगळ्यात हुशार आणि सगळ्यात घाईची विद्यार्थिनी भूमिका. तिचं घोडं नेहमी दुसऱ्या ओळीत अडायचं. दोनाने गुणून छत्तीस लिहायची, एकाने गुणून अठरा लिहायची, अठरापुढची शून्याची फुली विसरायची आणि चोपन्न म्हणून मोकळी व्हायची.

मी तिला लुगड्याच्या कडेने चालवलं. या दोन ओळींचे छत्तीस. उरल्या किती ओळी? दहा. मग दहा ओळींत फक्त अठरा बिबडे कसे मावतील? तिने दहा ओळी बोटाने मोजल्या. मग तिने अठरापुढे फुली दिली आणि दोनशे सोळा लिहिले. मला गहिवरून आलं. आता खात्रीसाठी मोजा, म्हटलं, आणि मी पाण्याच्या टाकीला टेकून बसले.

मोजले तर दोनशे पाच. गणित तर बरोबर होतं! पोरं खाली बघत होती. गाल जरा फुगलेले वाटले, पण उन्हाने असतील. मी पुन्हा ओळी लावल्या. सतराच्या बारा ओळी झाल्या आणि एक बिबडा ओळीत बसेना. तो मी बाजूला केला. चला, सतरा गुणिले बारा.

वारा सुटला होता. केळीची पानं हळू सळसळत होती, लसणाचा वास येत होता, आणि माझे डोळे अर्धे मिटले होते. मला खोली दिसायला लागली. भिंतीला निळा रंग, दारावर पाटी, आत पाढ्यांचा गुणगुणाट, म्हैस खिडकीबाहेरून कौतुकाने बघतेय. मधूनच कोणीतरी हलवायचं. काकू, परत कमी भरले. मी स्वप्नातूनच उठून ओळी लावायचे, नवं गणित घालायचे आणि पुन्हा खोलीत जाऊन बसायचे. पोरं इतकी मन लावून गणितं मागत होती की मला वाटलं, शिकवण्यात जादू आहे बुवा आपल्या!

शेवटी भूमिकाने मला गदागदा हलवलं. ओळी लावून बघते तर आठ-आठच्या नऊच ओळी. दोन अंकी गुणाकाराला धाब्यावर जागाच उरली नव्हती.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अर्धा वाळलेला बिबडा किती गोड लागतो, हे खान्देशात कोणाला सांगावं लागतं? आणि नेमक्या त्याच वेळी जिन्यावर अक्कांची पावलं वाजली. नवा चष्मा लावूनच आल्या होत्या.

त्यांनी लुगड्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी कावळ्यांविषयी काहीतरी पुटपुटले.

भूमिका पुढे झाली. "कावळा नही, अक्का. आम्ही खादात. पन लबाडी नही करी. दर गणितले एकेक, तेरा गणितं व्हयनात." आणि कोणी न सांगता ती खाली बसली, मातीत तेरा गुणिले अकरा मांडलं, पहिल्या ओळीत तेरा, दुसऱ्या ओळीत तेरा, त्यापुढे ठसठशीत फुली, आणि उत्तर लिहिलं, एकशे त्रेचाळीस.

तिची ती फुली बघून माझा ऊर भरून आला. खोली गेली तरी चालेल, असं क्षणभर खरंच वाटलं.

पण ती पोर थांबली नाही. दोनशे सोळातून उरलेले बहात्तर वजा केले, आणि एकशे चव्वेचाळीस आले. तिने ते दोनदा तपासलं.

"काकू," ती म्हणाली, "एक कमी पडस."

अकरा पोरांनी माझ्याकडे पाहिलं. अक्कांनी नवा चष्मा नाकावर वर सरकवून माझ्याकडे पाहिलं. बाजूला केलेला बिबडा मी नेमका कुठे केला होता, ते मला त्या क्षणी आठवलं. हनुवटीवरचा तीळ पुसायलाही उशीर झाला होता.

"मीठ बघितलं जरा," मी म्हणाले.

अक्कांनी कमरेची किल्ली सोडली आणि भूमिकाच्या हातात ठेवली. "खोली पोरेसले दिनी. किल्ली हिनाजोडे ऱ्हाई."

वर्ग आता खोलीत भरतो. पुनमसाठी बिबडे दुसऱ्यांदा झाले, ते सगळे मी एकटीने थापले. आणि मला वर्गावर यायला उशीर झाला, तर दार वाजवून उभं राहावं लागतं.