कोल्हेसाहेबांच्या वहीतले पाच मांडव

एका जंगलात धोंडबा साळिंदर, त्याची बायको सारजा आणि त्यांची तीन पिल्लं, अशी पाच तोंडं एका बिळात राहत होती. आता जंगल म्हटलं म्हणून लगेच झाडं शोधू नका, बाळांनो. झाडं तिथं फारशी नव्हतीच.

का नव्हती, ते सांगते. सिंहमहाराजांचं झाडांवर भारी प्रेम. त्यांनी कायदाच केला होता, की गुडघ्याच्या वर वाढलेलं झाड सरकारचं. मग ते तुमच्या शेतात का असेना, तुम्ही पाणी घालून का वाढवलेलं असेना. तोडायचं तर अर्ज करा, सात सह्या आणा. त्यामुळे निंदणीला बसलं की प्राणी आधी झाडांची रोपं उपटायचे. वेळ उरला तर गवत.

महाराज स्वतः मात्र दरवर्षी एक रोप लावायचे. खड्डा तोच असायचा.

धोंडबाचं पीक आठ महिने पुरायचं. उरलेले चार महिने तो परमुलखात खड्डे खणायला जायचा. परत आला की धाकटं पिल्लू त्याला पाहून काटे फुलवायचं. हा कोण परका आला म्हणून. सारजाला ते बघवायचं नाही.

एका वर्षी तिनं बांधावरची शिवणीची पाच रोपं उपटलीच नाहीत. धोंडबा घाबरला. बांध सरकारजमा होईल म्हणाला. तिनं समजावलं, की शिवण लवकर वाढते, लाकडाला भाव येतो, सावलीत हळद होते. मग तुम्हाला कुठं जावं लागणार नाही.

"आणि कोल्हेसाहेब आले म्हणजे?"

"त्यांचं मी बघते," सारजा म्हणाली, आणि पाचही रोपांवर तिनं घोसाळ्याचे वेल चढवून दिले.

कोल्हेसाहेब झाडं मोजायला आले. बगलेत वही, नाकावर चष्मा.

"सारजाबाई, हे काय उभं केलंय?"

"मांडव आहेत, साहेब. वेलाचे."

साहेबांनी एक घोसाळं दाबून पाहिलं. कोवळं होतं. वहीत लिहिलं, मांडव पाच. जाताना टोपलीभर घोसाळी घेऊन गेले.

पुढच्या वर्षी म्हणाले, मांडव जरा उंच झालेत. सारजा म्हणाली, पाऊस बरा झाला ना, साहेब. साहेबांना पटलं. असं सात वर्षं पटत राहिलं.

आठव्या वर्षी महाराजांच्या पलंगाला वाळवी लागली. महाराज जमिनीवर आले. मुंग्या काही राजा बघून चावत नाहीत. लाकूड हवं म्हणाले, तर कोल्हेसाहेबांनी अर्ज पुढे केला. महाराजांनी तो भरला. सहा महिन्यांनी परत आला. कारण, सोबत महाराजांची संमती जोडलेली नव्हती.

इकडे धोंडबानं परमुलखाचं गाठोडं बांधायला घेतलं. सारजानं त्याला थांबवलं आणि थेट कचेरी गाठली.

"साहेब, मांडव मोडायचा तर किती सह्या लागतात?"

साहेबांनी वही चाळली. "मांडवाला कसली सही, बाई?"

धोंडबानं तीन दिवस दात चालवले आणि दोन मांडव आडवे केले. लाकूड राजवाड्यावर गेलं, चांगल्या भावानं गेलं. महाराज पलंगावर झोपले आणि उठल्यावर त्यांनी विचारलं, एवढं लाकूड आलं कुठून? कोल्हेसाहेबांनी घाबरत वही दाखवली.

महाराजांनी बराच विचार केला. झाडांचा कायदा रद्द करायचा तर चौदा सह्या लागत होत्या. म्हणून तो तसाच ठेवला आणि नवं धोरण काढलं. ज्यानं त्यानं बांधावर मांडव घालावेत. मांडवाची रोपं सरकार फुकट देईल. मोडायला परवानगी नको. माल बाजारात नेताना नाक्यावर कुणी अडवायचं नाही.

चार-पाच वर्षांत सगळे बांध हिरवेगार झाले. कोल्हेसाहेबांच्या वहीत झाडं मात्र होती तेवढीच राहिली.

सारजाच्या तोडलेल्या बुंध्यांना पुन्हा धुमारे फुटले. सावलीतली हळद दरसाल पोत्यांनी निघू लागली. धोंडबा आता बारा महिने घरी असतो. स्वयंपाकात नाक खुपसतो, भाजीला मीठ कमी म्हणतो. सारजा शेजारणींपाशी कुरकुर करते, आणि पाच पानं वाढायला घरात जाते.

तात्पर्य: मुलांनो, नेहमी खरं बोलावं. फक्त झाडाला झाड म्हणण्याआधी सरकारी कायदा एकदा वाचून घ्यावा.