थोरली आणि धाकटी

हमीदचाचांच्या अंगणात दोन गाड्या आहेत आणि त्या एकमेकींना दिसू नयेत म्हणून त्यांनी मध्ये ताडपत्री बांधली आहे. "थोरलीला वाईट वाटतं," म्हणतात. थोरली म्हणजे त्यांच्या वडिलांनी घेतलेली काळी, गोलमटोल, हँडल मारून सुरू करायची गाडी. धाकटी म्हणजे त्यांच्या मुलीने, शबानाने, शाळेत नोकरी लागल्यावर आणलेली छोटी पांढरी. दौंडात या दोघींची तुलना ऐकली नाही असा माणूस सापडणार नाही. मी तर भिंतीला भिंत लागून राहतो, माझी कुठली सुटका!

"धाकटी पट्टा न्हाई लावला की बोंबलती. थोरली कवा उलटून बोलली का?"

"चाचा, ती आधी सुरू तर होऊ दे!"

"तिला जीव लावावा लागतो. धाकटीला काय, नुसती चावी."

मग दारांवर येतात. थोरलीचं दार लावलं की सगळ्या गल्लीला कळतं. "ह्याला म्हंत्यात दार. धाकटीचं म्हंजी बिस्किटाच्या डब्याचं झाकण." एसीच्या नावानेही बोटं मोडतात. पण मे महिन्यात शिरूरला जायचं निघालं की गुपचूप धाकटीच बाहेर येते. विचारलं तर म्हणतात, "थोरलीला कशाला उन्हात काढायची?"

थोरलीचा खरा तोरा लग्नात. गल्लीतली एकूण एक लेक तिच्यातूनच सासरी गेली, माझीसुद्धा. वाटेत ती बंद पडायचीच. चाचा बॉनेट उघडून आत डोकं घालायचे आणि वऱ्हाड घड्याळाकडे बघत बसायचं.

शबानाचं लग्न मांडवगण फराट्याच्या मुलाशी ठरलं तेव्हा चाचांनी महिनाभर थोरलीला घासूनपुसून आरसा केला. आणि आदल्या दिवशी शबाना म्हणाली, "मी धाकटीतून जाणार."

चाचा त्या रात्री जेवले नाहीत. मला मात्र राग आवरेना. पोरीला चांगलं झापायचं म्हणूनच मी गेलो.

"अगं, बापाची एवढी हौस! एका दिवसानं काय बिघडलं असतं?"

"काका, अम्मी गेली त्या दिवशी अब्बा कुठं होते, आठवतंय? थोरलीच्या बॉनेटखाली. डोळ्यांत पाणी आलं की ते तिथंच जातात. उद्याबी गाडी बंद पडणार आन् ते आत डोकं घालणार. मला जाता जाता त्यांच्याशी बोलायचंय."

मी आलो तसा घरी परतलो.

दुसऱ्या दिवशी निकाह झाल्यावर निघताना शबाना नवऱ्याला मागे बसवून स्वतः पुढे, वडिलांशेजारी बसली. मागे नवरदेव, मी आणि आमच्या मांडीवर मिठाईचे खोके. भीमेचा पूल ओलांडेपर्यंत चाचा क्लच आणि ॲव्हरेजवरच बोलत होते. धाकटीला बंद पडायचं काही कारण नव्हतं. उसाच्या ट्रॉल्या आम्हाला मागे टाकून पुढे जात होत्या, इतकी ती हळू चालली होती.

इनामगावचा फाटा आला तसे चाचा एकदम म्हणाले, "तिकडं करमलं न्हाई तर फोन कर. म्या येतो."

"कुठल्या गाडीनं, अब्बा?"

"गाडी मरू दे गं. चालत येईन." आणि मग स्टिअरिंग धरूनच, आम्हा सगळ्यांसमोर, ते रडले. "तू गेल्यावर घरात म्या कुणाशी बोलू?" शबानाने त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. नवरदेव बिचारा मिठाईच्या खोक्याची दोरी सोडत आणि बांधत होता. माझे डोळेही कोरडे नव्हते, उगाच खोटं कशाला सांगू?

तिला घरात पोचवून आम्ही दोघे परत निघालो. गाव मागे पडल्यावर चाचा म्हणाले, "गाडी म्हणून धाकटीला नाव ठिवायला जागा न्हाई. पर एक खोट हाय तिच्यात."

"कोणती?"

"लई लवकर पोचती."