नागेशअण्णांची किल्ली

आमच्या केलगेरीतले नागेशअण्णा कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीकडे जातात. खिशातली कुलपाची किल्ली काढायची, भिंतीवर टकटक करायचं, कान लावायचा आणि यजमानाच्या तोंडावर निकाल द्यायचा, "टोळ्ळु री, अक्का! आत सगळं पोकळ!" माझ्या बहिणीच्या वास्तुशांतीला भटजी मंत्र म्हणत होते आणि अण्णा हॉल वाजवत होते. त्यानंतर मेहुण्यांना घास गेला नाही. अण्णांनी मठ्ठा मात्र तीनदा मागून घेतला.

चाळीस वर्षं कंत्राटदारी केली त्यांनी. निम्मं धारवाड आपण बांधलं आणि उरलेलं निम्मं पडायचंच बाकी आहे, असं त्यांचं नम्र मत. नकाशा काढायचा तो लग्नपत्रिकेच्या पाठीवर, आणि करार म्हणजे एक पान आणि "आयतु, बिडरी!", झालं, सोडा, एवढंच.

अशा माणसाच्या पोटी वीणा जन्मली, आता बोला! पोरगी सिव्हिल इंजिनिअर झाली, कलघटगीकडच्या कामांवर दुसऱ्यांच्या हाताखाली राबली आणि आता स्वतःच कंत्राटदार झाली. टेंडर ऑनलाइन, मजुरांची हजेरी मोबाइलवर, काँक्रीट गोकुळ रोडवरून ट्रकमध्ये कालवत येणार. अण्णांनी या सगळ्यावर किल्ली वाजवली. "हजेरी फोन घेतो, काँक्रीट ट्रक कालवतो. मग कंत्राटदार काय करतो री? फोटो काढतो!"

माझ्या घराचा वरचा मजला मी वीणाला दिला. तिचं हे पहिलंच स्वतःचं काम. "काकू, हे बिघडलं तर गावात मला दुसरं कोणी देणार नाही," ती म्हणाली, तेव्हा तिचा चेहरा बघून मलाच धडकी भरली. अण्णांनी माझ्याशी बोलणं टाकलं. एकदाच फाटकाशी थांबून म्हणाले, "सळी कुठनं घेऊ, एवढंसुद्धा विचारलं नाही तिनं मला." आणि गेले. एरवी मी त्यांना टोला हाणला असता, पण त्या दिवशी ते वळणापलीकडे जाईपर्यंत फाटकाशीच उभी राहिले.

स्लॅबच्या दिवशी वीणा स्वतः बोलवायला गेली. अण्णा आले नाहीत. समोरच्या कट्ट्यावर आमच्याकडे पाठ करून बसले आणि दर पाच मिनिटांनी मान मुरडून बघत राहिले. लाडूही घेतला नाही! दुसऱ्या दिवशी स्लॅबचा ओलावा टिकवायला वीणानं वर केमिकल फवारलं. पाणी मारायची भानगडच नको. झालं! अण्णा गल्लीभर सांगत सुटले, "स्लॅबला तहान लागते री! पाणी तुंबवून ठेवावं लागतं. हिनं वर अत्तर मारलंय!"

पुढे आठवडाभर मी शाळेत शिकवून घरी यावं तर जिन्यावर चिखलाचे पाय. रोज! दुपारी तर मजूरही नसायचे. शेवटी मी वीणाला फैलावर घेतलं, "तुझी माणसं काय नांगरणी करतात का गं वर?"

सिमेंटच्या पोत्यांवर नजर ठेवायला तिनं वर कॅमेरा लावलाय, त्यातलं दुपारचं चित्रण तिनं फोनवर दाखवलं. रखरखीत ऊन. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून अण्णा स्लॅबवर मातीचे छोटे बांध घालत होते. मग ड्रममधून तांब्या तांब्या पाणी आणून वाफे भरत होते. शेवटी उकिडवे बसले, खिशातली किल्ली काढली, टकटक केलं, कान टेकवला. कितीतरी वेळ तसेच होते. मग त्या जागेवरून नुसता हात फिरवला.

"पाण्यानं काही बिघडेल का गं?" मी विचारलं.

"नाही. पण गरजही नाही."

"मग सांग ना त्यांना! या उन्हात, या वयात!"

"सांगितलं की यायचे बंद होतील, काकू."

वीणानं फोन पर्समध्ये टाकला आणि माझ्या अंगणातल्या नळाला पाइप जोडू लागली.

"ड्रम भरून ठेवते," ती म्हणाली. "काल पाणी संपलं, तर तांब्यानं तळ खरवडत होते."