छावणीत दुसरा वग्दी नाही!

वग्दीचा डावा कान उजव्यापेक्षा जरा जास्त बाहेर आलेला होता. टांटा शहरातल्या मुलींच्या शाळेत तो प्रयोगशाळेचा तराजू दुरुस्त करायला आला, तेव्हाच इन्शिराहनं ते टिपलं होतं. ती तिथे रसायनशास्त्र शिकवायची. त्यानं तराजू असा लावून दिला, की पापणीचा केस ठेवला तरी काटा हलावा! पुढे त्यानं लग्नाचं विचारलं. ती म्हणाली, "विचार करून सांगते." तो विचार अजून चालूच होता, आणि वग्दीला सक्तीच्या भरतीत सैन्याचं बोलावणं आलं.

आज भेटीचा शुक्रवार. उद्या त्याची तुकडी सीमेवर जाणार होती. मायक्रोबसमध्ये त्याच्या आईनं, उम्म वग्दीनं, बजावलं, "हे बघ पोरी, आज हो की नाही ते सांगून टाक. नाहीतर गुरुवारी मी फातिहा वाचून माझ्या भाचीशी त्याचं लग्न ठरवून मोकळी होते! माझं पोर म्हणजे काय लोणचं आहे, मुरत ठेवायला?"

इन्शिराहच्या मांडीवर भाजलेलं बदक आणि भात भरलेल्या पानांच्या महशीचं पातेलं.

"पण मावशी, सगळ्यांची डोकी भादरलेली असतात म्हणे. तो सापडेल ना?"

"आईला पोर सापडत नाही? हजारांत डोळे मिटून ओळखीन!"

छावणीच्या फाटकावर हवालदार बयूमी उभा होता. मिशा अशा, की त्यांनाच वेगळा पगार मिळत असावा!

"माझ्या वग्दीला बोलवा," उम्म वग्दी म्हणाली.

"बोलावतो. या कोण? भेट फक्त घरच्यांना."

इन्शिराहनं पातेल्याचं झाकण घट्ट केलं.

"माझ्याबरोबर आहे," उम्म वग्दीनं सावरलं.

"ते दिसतंय. पण नातं काय?"

"आधी पोराला तर बोलवा!"

भोंग्यावर वग्दीचं नाव गरजलं. खजुराच्या झाडाएवढा एक जवान धावत आला. उम्म वग्दीनं त्याला कमरेपाशीच मिठी मारली. "किती उंच झालास रे! आणि वाळलास! खा आधी!"

"मावशी," इन्शिराह हळूच म्हणाली, "याचे दोन्ही कान सारखे आहेत."

तोवर बदकाची एक तंगडी संपली होती.

"माफ करा आई," जवान ओठ पुसत म्हणाला, "मी सोहागचा वग्दी. मला भेटायला कुणी येत नाही, फार लांब पडतं. तुम्ही मिठी मारलीत, मग खरं सांगायचा धीरच होईना."

उम्म वग्दीनं त्याच्याकडे क्षणभर पाहिलं आणि दुसरी तंगडीही त्याच्या हातात दिली. "मग नीट बसून खा, माझ्या राजा!"

"दुसरा वग्दी नाही इथे," बयूमीनं सांगितलं.

झालं! उम्म वग्दी फाटकातून आत घुसली. सावलीत बसलेल्या पोरांचे कान एकेक करून तपासायला लागली. चुकीचा निघाला की माफी म्हणून एक महशी! बातमी छावणीभर पसरली. बघता बघता पोरांची रांग लागली. प्रत्येकानं डावा कान बोटानं पुढे ओढून धरलेला!

सगळी महशी संपली, तेव्हा उम्म वग्दी मटकन खाली बसली. "माझं पोर हरवलं! सरकारनं हरवलं!"

"उम्म वग्दी, या छावणीतून चमचा हरवत नाही, माणूस कसा हरवेल?" बयूमी म्हणाला. "पण अजान झाली की भेट बंद. मग माझाही इलाज नाही."

इन्शिराह तिच्याजवळ बसली. "मावशी, कागदावर त्याचं नाव वग्दीच आहे ना?"

उम्म वग्दीनं डोक्यावरचा रुमाल तोंडापर्यंत ओढला. आतून आवाज आला, "शहात."

"शहात? म्हणजे भिकारी?"

"त्याच्या आधीची दोन पाळण्यातच गेली गं. सासू म्हणाली, भिकाऱ्याचं नाव ठेव, नजर त्याच्याकडे ढुंकून बघणार नाही. जगला! पण तू शिकलेली. तुझ्यासमोर कसं सांगू? हसली असतीस."

बयूमी खाकरला. "माझं कागदावर खैशा आहे. गोणपाट. बयूमी आजोबांचं नाव."

असं म्हणून त्यानं भोंग्यावर शहातच्या नावानं हाक मारली. मैदानाच्या टोकाकडून एक काटकुळा जवान धुळीतून पळत आला. कान लांबूनच दिसला!

"भिकाऱ्या, तुझं जेवण संपलं रे!" पोरं ओरडली.

"संपू द्या! या नावानं मी मरणालासुद्धा चकवलंय, भुकेचं काय घेऊन बसलात?" तो हसत म्हणाला. मग त्याला इन्शिराह दिसली. कान लाल झाले, पण मान खाली गेली नाही.

"नाव आधीच सांगायला हवं होतं," तो म्हणाला. "आवडलं नसेल, तर तसं सांग. तराजू बिघडला, तर तो दुरुस्त करायला मी तरीही येईनच."

पातेल्यात बदकाची मान तेवढी उरली होती. त्यानं ती उचलली, मोडली आणि अर्धी सोहागच्या वग्दीपुढे धरली. इन्शिराह बघत राहिली. तिच्या आत एक काटा हलला आणि नेमका जागेवर थांबला.

दूर मिनारावर अजान देणाऱ्या मुअज्जिननं घसा साफ केला.

"बाईसाहेब," बयूमी घाईनं म्हणाला, "शेवटचं विचारतो. नातं काय?" भोंग्याचा माइक त्याच्या हातात तसाच चालू होता.

वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात इन्शिराह म्हणाली, "होणारी बायको. शिपाई शहातची!"