फोनचा परकायाप्रवेश

चिंतामण गुरुजींच्या फोनने गुरुवारी सकाळी पंचांग उघडायला साफ नकार दिला. 'या फोनवर हे ॲप यापुढे चालणार नाही' एवढी एक ओळ दाखवून तो गप्प बसला. गुरुजींनी तो बंद करून चालू केला, पुसून चालू केला, देवासमोर ठेवून चालू केला. ओळ काही हटेना.

"नवा घ्या," सरोजिनीबाई स्वयंपाकघरातूनच म्हणाल्या. काय झालंय ते त्यांनी पाहिलंही नव्हतं. गेल्या दिवाळीपासून फोनला काहीही झालं की त्यांचं उत्तर तयार असे.

"अगं, आठ वर्षांत एक ओरखडा नाही त्याच्यावर!"

"कसा येईल? लोकरीच्या मोज्यात घालून फिरवता तुम्ही त्याला. बँकेचं चालत नाही, फोटो उघडत नाहीत, आता पंचांगही गेलं. आणि रविवारी कुसाबाईंकडचं लग्न आहे, आठवतंय ना?"

आठवतंय ना म्हणे! ते नाव ऐकताच गुरुजींनी फोन पुन्हा एकदा पुसला.

कुसाबाई म्हणजे दिंडोरीकडचे द्राक्षबागायतदार रविराज यांच्या आई. त्या घरची सगळी कार्यं पाच पिढ्या गुरुजींच्याच घराण्याकडे. पण दोन वर्षांपूर्वी थोरल्या नातीच्या लग्नात घात झाला. मुहूर्त बारा तेहतीसचा, आणि अक्षता पडल्या पावणेदोनला. का? तर मधल्या वेळात माइकवरून एकेचाळीस जणांचे सत्कार झाले. शाल, नारळ, फेटा, फोटो, पुन्हा शाल. सत्कार करणारे सुटले, करून घेणारे सुटले, आणि कुसाबाईंनी धरलं गुरुजींना. आता धाकट्या योगिनीच्या लग्नाआधी त्या मुद्दाम पंचवटीत घरी आल्या, चहा प्यायल्या आणि अगदी मायेने सांगून गेल्या, "औंदा मिनिटाचा बी फरक पडला ना गुरुजी, तर आमच्या घरचं पुढचं कार्य दुसरे गुरुजी करतील. राग नाय बरं का. पण दुसरे करतील."

पाच पिढ्यांचे यजमान आपल्या हातून जाणार, या विचाराने गुरुजींची झोप उडाली होती. त्यात वेळ पाहायची ती याच फोनवर. मनगटी घड्याळ सोवळ्यात अडचणीचं म्हणून त्यांनी ते कधी वापरलंच नव्हतं.

वरच्या मजल्यावरचा शेखर मदतीला धावला. सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये काम करणारा हा माणूस पस्तिशीचा झाला तरी घरी आला की बंद पडलेल्या वस्तू उघडून बसत असे. त्याच्या घरातला एकही पंखा मुळात ज्या कंपनीचा होता त्या कंपनीचा राहिला नव्हता.

"काका, फोन कुठे म्हातारा झालाय?" तो फोन उलटापालटा करत म्हणाला. "कंपनीने त्याच्याकडे बघणं सोडलंय, एवढंच. आतली सिस्टिम काढायची, दुसरी घालायची. हौशी लोकांनी बनवून नेटवर ठेवलीये. एकदम ताजी."

"म्हणजे देह हाच आणि आत्मा नवा?"

"बरोब्बर!"

"परकायाप्रवेश!" गुरुजींचे डोळे चमकले. "सरोज, ऐकलंस का? शास्त्रात आहे हे."

"आणि आत्मा मध्येच अडकला तर?" सरोजिनीबाईंनी शास्त्राला हात न लावता नेमकं विचारलं.

"तर फोन कायमचा झोपतो, काकू. पण माझ्या हातून आजवर एकच झोपलाय. तोही माझ्या सासऱ्यांचा."

सरोजिनीबाईंनी कपाळाला हात लावला. "करा काय करायचं ते. पण रविवारी या फोनने एक जरी घोळ घातला, तर मांडवातून उठून सरळ दुकानात जायचं आणि नवा घ्यायचा. कबूल?"

"कबूल," गुरुजी म्हणाले.

शुक्रवारी शेखरची पहिली पाळी होती, त्यामुळे बसायचं ते संध्याकाळी. गुरुजींनी पाच वाजून अकरा मिनिटांची वेळ काढून दिली. शेखर लॅपटॉप घेऊन आला तेव्हा पाटावर लाल वस्त्र, त्यावर तांदळाची रास, राशीवर सुपारीचा गणपती आणि शेजारी फोन, असा थाट मांडलेला होता.

"काका, नुसती वायर लावायचीये."

"लाव की. मी कुठे अडवलंय? नवा जन्म आहे, त्याला दोन अक्षता तरी नकोत?"

शेखरने आधी फोनमधलं सगळं लॅपटॉपमध्ये काढून घेतलं, मग कंपनीचं कुलूप उघडलं. "आता गॅरंटी गेली बरं का, काका."

"ती सहा वर्षांपूर्वीच वैकुंठाला गेली," गुरुजी म्हणाले आणि भक्तिभावाने त्यांनी फोनवर हळद वाहिली, कुंकू वाहिलं आणि वर पळीभर पाणी सोडणार तेवढ्यात शेखरने त्यांचा हात धरला. पाणी वाचलं. पण कुंकू जायचं तिथे गेलं होतं.

नवी सिस्टिम आत जाता जाता साठ टक्क्यांवर गाडी थांबली. फोनवर एक गोल चिन्ह फिरत राहिलं आणि लॅपटॉप म्हणू लागला की फोन जोडलेलाच नाही. शेखरने वायर हलवली, काढली, फुंकली. मग टॉर्चच्या उजेडात चार्जिंगच्या भोकात डोकावला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"काका! आत पार हळदीकुंकवाचा समारंभ झालाय!"

"मग आता?"

"बारीक काडी द्या काहीतरी. टोकदार. पण लोखंडाची नको."

घरात टूथपिक नव्हत्या. सरोजिनीबाईंनी उदबत्तीची काडी आणली, ती जाड निघाली. शेवटी गुरुजींनी पूजेच्या सामानाच्या संबळीतून दर्भाची काडी काढून दिली. शेखर जगातला पहिलाच माणूस असावा ज्याने दर्भाने मोबाइल कोरला. चिमूटभर कुंकू बाहेर आलं, वायर घट्ट बसली, टक्के पुढे सरकले, आणि फोन एकदाचा जागा झाला. गुरुजींच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"आता पुढचे प्रश्न सोपे आहेत, तुम्हीच भरा," म्हणून शेखरने फोन त्यांच्या हाती दिला आणि तो सरोजिनीबाईंच्या पोह्यांकडे वळला. गुरुजींनी भाषा निवडली, नाव घातलं. मग फोनने घड्याळासाठी शहर विचारलं. यादीत नाशिक नव्हतं. मुंबईही नव्हती. कोलकाता होतं, पण कोलकात्याचा आणि आपला काय संबंध? त्याच्या आसपासच काठमांडू दिसलं. साक्षात पशुपतिनाथांचं गाव! गुरुजींनी मनोमन हात जोडले आणि काठमांडूवर बोट टेकवलं.

फोन भलताच पळू लागला. पंचांग उघडलं, फोटो उघडले. एकच गोष्ट राहिली. सिम कार्ड आत असूनही ते नाहीच म्हणून फोन सांगत होता.

"ते सोमवारी बघतो," शेखर पोहे खात म्हणाला. "कोणीतरी नेटवर उपाय टाकला असेलच."

"म्हणजे फोन आहे, पण फोन लागत नाही," सरोजिनीबाई म्हणाल्या.

"लग्नात मला कोण फोन करणार आहे? वेळ दाखवतो ना? झालं तर!" गुरुजींनी विषय मिटवला.

रविवारी दिंडोरी रोडवरचं लग्नाचं लॉन्स माणसांनी फुललं होतं. मुहूर्त बारा सत्तावीसचा. नवरदेव घोड्यावर बसून फाटकाबाहेर होता आणि त्याच्यापुढे डीजेच्या तालावर त्याचे मित्र असे नाचत होते की आत यायचा त्यांचा काही विचार दिसत नव्हता. स्टेजवर सत्कार सुरू होते. अठरावी शाल चालली होती. गुरुजींनी मोज्यातून फोन काढला आणि त्यांच्या पाचावर धारण बसली. बारा बारा!

त्यांनी सरळ माइक हिसकावला. एकोणिसाव्या पाहुण्याचा फेटा अर्धाच बांधून झाला होता.

"मुहूर्ताला पंधरा मिनिटं उरली आहेत! सत्कार बंद! नवरदेवाला खाली उतरवा! मुलीच्या मामांनी ताबडतोब स्टेजजवळ यावं!"

मांडवात एकच गोंधळ उडाला. नवरदेवाचे चुलते गोटीराम धापा टाकत आले.

"गुरुजी, कायतरी गडबड हाय. माझ्या फोनात आत्ताशी अकरा सत्तावन्न झालेत."

"फोन कधी घेतला?"

"तीन वर्सं झाली."

"आतली सिस्टिम कधी बदलली?"

"ती बदलायची असती?"

"माझी परवाच बदलली," गुरुजी म्हणाले. "ताजी आहे."

गोटीरामांनी नासलेल्या दुधाकडे बघावं तसं आपल्या फोनकडे बघितलं. कुसाबाई पहिल्याच रांगेत बसल्या होत्या. त्या कडाडल्या, "काय उभा राहिला गोटीराम? गुरुजी म्हंतात ती वेळ! हला!"

मग गोटीराम फाटकाकडे पळाले ते ओरडतच, "आपले फोन जुने झाले रे! मागं पडलेत सगळे!" त्यांनी डीजेची वायरच उपटली. नाचणारे भानावर आले, नवरदेवाला दोघांनी उचलून घोड्यावरून काढलं. पण कार्य म्हटलं की काहीतरी राहायचंच. मामा सापडेना. तो वाहनतळावर कोणाच्या तरी गाडीमागे अडकलेली आपली गाडी काढत होता. तो येईतो नवरदेवाचा एक बूट गेला. बूट सापडला तेव्हा अंतरपाट सापडेना. तो दुसऱ्याच कुणीतरी फेटा समजून डोक्याला बांधला होता.

गुरुजींच्या फोनवर बारा सत्तावीस झाले. अठ्ठावीस झाले. एकोणतीस.

गेलं. पाच पिढ्यांचं गेलं. बारा छत्तीसला अंतरपाट धरला गेला आणि गुरुजींनी जड आवाजात मंगलाष्टकं सुरू केली. त्यात नवरदेवाच्या आत्याने स्वतः रचलेलं अकरा ओळींचं मंगलाष्टक काढलं. एरवी गुरुजींनी तिला चार ओळींत आवरलं असतं, पण आता आवरून काय उपयोग? म्हण बाई. अक्षता पडल्या तेव्हा फोनवर बारा बेचाळीस झाले होते. बरोबर पंधरा मिनिटं उशीर.

वाजंत्री वाजली, लोक टाळ्या पिटू लागले. गुरुजींना काही ऐकू येत नव्हतं. पुढचे विधी त्यांनी खाली मान घालून उरकले, आणि सगळे जेवायला उठल्यावर ते स्टेजमागे खुर्चीवर जाऊन बसले. भूक मेली होती. तेवढ्यात कुसाबाई काठी टेकत आपल्याकडेच येताना दिसल्या. मागून सरोजिनीबाईही.

"आजी," गुरुजी उठून हात जोडत म्हणाले, "चूक झाली. तुम्ही दुसरे गुरुजी बघा. मी मनात काही ठेवणार नाही."

"काय चूक झाली?"

"पंधरा मिनिटं उशीर झाला."

"कोण म्हंतं?" कुसाबाईंनी लुगड्याच्या पदराखालून मनगट काढलं. त्यावर चांगलं ठसठशीत पुरुषी घड्याळ होतं. "अक्षता पडल्या तवा यात बारा सत्तावीस झाले व्हते. मिनिटाचा फरक नाय. लय गोड वाटलं बघा."

गुरुजींना काही कळेना. सरोजिनीबाईंनी त्यांच्या हातातला फोन घेतला, आपल्या फोनशी ताडून पाहिला आणि दोन-तीनदा बोट फिरवलं.

"अहो, हे काय? काठमांडू?"

"पशुपतिनाथांचं..." गुरुजी पुटपुटले.

"पशुपतिनाथांना नमस्कार! पण नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे असतं!"

गुरुजी एकदम कुसाबाईंकडे वळून म्हणाले, "म्हणजे आजी, तुमच्या हातात घड्याळ होतं. माझं चुकतंय हे तुम्हाला ठाऊक होतं!"

"गोटीराम बोलला तवाच कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर शाली सुरूच राहिल्या असत्या ना!" कुसाबाई खुर्ची ओढून बसल्या. "अवो, घरच्या गड्यांना मी साठ वर्सं एस्टीची वेळ अर्धा तास आधीचीच सांगत आले. तवा कुठं ते गाडीवर पोचतात. तुमचा फोन पुढं हाय म्हटल्यावर माझा जीव भांड्यात पडला. आता धाकट्या नातवाचं पुढच्या साली. तुमीच यायचं. आन ह्योच फोन आणायचा."

गुरुजी त्या दिवशी तीन वाट्या बासुंदी प्यायले.

सोमवारी पाळी सुटताच शेखर जिना उतरून आला, चेहऱ्यावर विजय घेऊन. "काका, सिमचा उपाय सापडला! द्या फोन, दोन मिनिटांचं काम. एकदा नेटवर्क आलं की घड्याळही आपोआप बरोबर होईल. मग कधी चुकणार नाही."

गुरुजींनी फोन छातीशी धरला. "खबरदार हात लावलास तर!"

"अहो काका, पण मग फोन कसे येणार तुम्हाला?"

"त्याची सोय करतो. सरोज, पिशवी घे. चल, नवा फोन घ्यायला."

शेखरचं तोंड उतरलं. सरोजिनीबाई हातात लाटणं घेऊन दारात आल्या. त्यांनी आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग छातीशी धरलेल्या फोनकडे.

"काही नको नवाबिवा," त्या म्हणाल्या. "पंधरा मिनिटं पुढे, चांगला चाललाय की हा!"